कमांड कोणी दिली?

सोमवार, ३ नोव्हेंबर
सालोमी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, आपली साचे बनवणारी कंपनी लहान, सर्व्हर सांभाळायला दोन माणसं परवडत नाहीत. मी किंवा जॉयल. निर्णय महिनाअखेर. ऐकून काहीच वाटलं नाही. आत्मविश्वास असणार.
मीच सुचवलं, सर्व्हरला कोण काय कमांड देतं त्याची नावानिशी नोंद ठेवू. होऊन जाऊ दे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
नोंदीचं सॉफ्टवेअर स्वतः टाकायचं ठरवलं होतं. जेवणानंतर डोळा लागला. उठलो तर जॉयलने टाकलेलं. पोरगा भाबडा आहे. मरेल.

सोमवार, १० नोव्हेंबर
पहिली नोंद आली. सगळी पानं माझ्याच, नरहरीच्या, नावाने भरलेली. जॉयलच्या नावावर शून्य!
रोज सकाळी मी चहा पीत असतो तेव्हा नोंदीप्रमाणे मी ऑफिसात बॅकअप घेतलाय. रविवारी घरी पापलेट साफ करत होतो, त्याच वेळी साच्यांची हरवलेली ड्रॉइंग्ज परत आणलीत.
आता त्याचं असं आहे. जॉयलच्या लॉगिनला अधिकार नाहीत. प्रत्येक कामाला मला हलवून उठवायचा. वैतागून माझा पासवर्डच देऊन टाकला. त्याला अधिकार द्यायचं मनात होतं, पण ते कसं देतात ते बघायचं राहिलं.
तरी काम झालं माझ्या अधिकारात. म्हणजे माझंच.
मॅडमनी विचारलं तर सांगेन.

बुधवार, १२ नोव्हेंबर
मॅडमनी विचारलं. जॉयलने केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं की सर, म्हणजे मी, झोपतात आणि त्यांच्या नावाने सगळं तो करतो. मी म्हणालो, मॅडम, पासवर्ड दुसऱ्याला देणं नियमाविरुद्ध आहे. यात खोटं काय? आहेच नियमाविरुद्ध.
मॅडम म्हणाल्या, नोंद आहे ती आहे.
घरी सरलाला सांगितलं. ती म्हणाली, घरातही सगळं तुमच्याच नावावर आहे, करते मी. विषय कुठून कुठे नेते!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
निर्णय झाला. जॉयलची नोकरी गेली. जाताना म्हणाला, सर, पासवर्ड तेवढा बदलून घ्या. कसा बदलायचा ते त्यालाच विचारणार होतो, पण बरं दिसलं नसतं.
सोमवारपासून लवकर यायचं. दुपारची झोप बंद.

सोमवार, १ डिसेंबर
विरारहून रिक्षा मिळेना. उशीर झाला. सर्व्हर बंद. ड्रॉइंग काढणारी जागृती दारात उभी, एकही फाइल उघडत नाही म्हणे. मॅडम म्हणाल्या, रोज सकाळी करता तेच करा. खुर्चीत बसलो. रोज सकाळी मी काय करतो?
आज माझ्या नावावर एकच कमांड आहे. तीही चुकली.

मंगळवार, २ डिसेंबर
सर्व्हर बंदच. मॅडमनी मला काही न विचारता जॉयलला गिरीजहून, त्याच्या घरून, बोलावून घेतलं. आला, बसला, चालू केला. मला म्हणाला, सर, चहा घेतला का? तेव्हा मात्र वाईट वाटलं. छातीत दुखल्यासारखं. ॲसिडिटी असेल.

शुक्रवार, ५ डिसेंबर
माझा शेवटचा दिवस. मॅडमनी जाण्याआधी दोन कामं सांगितली. जॉयलच्या लॉगिनला सगळे अधिकार द्या आणि तुमचं लॉगिन कायमचं काढून टाका.
म्हटलं, निदान हे तरी स्वतः करायचं. स्क्रीनसमोर बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी जॉयल म्हणाला, राहू द्या सर, मी करतो. माझ्याच पासवर्डने आत गेला आणि दोन्ही करून टाकलं.
नोंदीतली शेवटची ओळ वाचली. नरहरीने नरहरीला काढून टाकलं. चूक एकही नाही.