नदीपलीकडची चाळीस पानं

शनिवार, ७ सप्टेंबर

आज खेळ सुरू केला. लेकीनं माझ्या वाढदिवसाला आणलेला खोका. आत नियमांचं जाडजूड पुस्तक, चित्रविचित्र फासे, कोरे कागद. एकानं गोष्ट रचून सांगायची, तो गेम मास्टर. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. एखादी गोष्ट जमते की नाही असा प्रश्न आला की फासा टाकायचा. लेक म्हणाली, आई, तू एवढी वाचतेस, तूच मास्टर हो. शाळा माझी सातवीत सुटली, पण पुस्तकाला मी कधी भ्याले नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून सगळे नियम वाचले. बाकीच्यांनी खोक्याचं झाकणही वाचलेलं नाही.

आराखडा तयार. गाव, नदी, नदीपलीकडे किल्ला, किल्ल्यात राक्षस. गावाला तीन पानं, नदीला अर्धं, पलीकडच्याला चाळीस. ऑक्टोबरात लेक-जावई बदलीच्या गावी जाणार, त्याआधी किल्ला सर व्हायला हवा. चार शनिवारांत सहज होईल.

हे सगळं मी इतरांसाठी करते आहे. नणंद एकटी असते. शेजारचे दातांचे डॉक्टर रिटायर झाल्यापासून जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. जावईबापूंना माझ्याशी बोलायला विषय सापडत नाही. बिचाऱ्यांना विरंगुळा हवा. माझं काही नाही. हे गेले त्याला वर्ष झालं, मी व्यवस्थित आहे.

आजची प्रगती: पात्रांची नावं ठरली. नणंद योद्धा, लेक वैद्य, जावई जादूगार, डॉक्टर चोर. डॉक्टर म्हणाले, चोरी कशाला करायची, आधी मागून तर बघू.

शनिवार, १४ सप्टेंबर

नदीपर्यंत पोचलो. आणखी पुढे गेलो असतो, पण डॉक्टर गावातल्या म्हाताऱ्याची दाढ तपासत बसले. जादूगाराला आपल्याला कुठल्या जादू येतात ते माहीत नाही. जादू लिहिलेला कागद गाडीत राहिला म्हणे.

काठावर नावाडी. त्याच्यासाठी मी एकच ओळ लिहिली होती: नावाडी त्यांना पलीकडे सोडतो. नणंदेनं लगेच चौकशी सुरू केली, कुठला तू, घरी कोण कोण, बायको काय करते. आता हे पुस्तकात कुठे असतं? तोंडाला आलं ते बोलत गेले. नावाडी घसा खाकरून म्हणाला, बसा हो, घाई काय आहे, आधी चहा. मग चष्मा शोधायला लागला. तो त्याच्या कपाळावरच होता. जावई म्हणाले, आई, त्या काळी चष्मा? मी म्हटलं, राक्षस चालतो, चष्मा तेवढा चालत नाही होय? सगळे हसले. नणंद हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. तिला नियम कळले नसावेत.

शनिवार, २१ सप्टेंबर

नदी ओलांडली नाही. दोन तास नावाड्याशी गप्पा. तिकडे राक्षस ताटकळतोय, त्याचं यांना काही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, नावाड्याला पत्ते येतात का? येतात, म्हटलं, पण हरला की पत्ते नीट पिसले नव्हते म्हणतो. डॉक्टर टेबलावर हात आपटून हसले, तस्साच लबाड, म्हणाले. मग चष्मा पुसायला लागले. कुणासारखा ते काही बोलले नाहीत. वय झालं की माणूस वाक्यं अर्धी सोडतो.

चूक माझीच. फार मऊपणा केला. पुढच्या वेळी खमकेपणा.

सोमवार, २३ सप्टेंबर

नणंदेचा फोन. म्हणे, वहिनी, तो नावाडी म्हणजे आपला दादाच की गं!

काहीतरीच. ह्यांनी जन्मात नाव चालवली नाही. पाण्याला एवढे भ्यायचे की बादलीपलीकडे कधी गेले नाहीत. तिला तसं स्पष्ट सांगितलं. बरं बाई, तू म्हणशील तसं, म्हणाली. शनिवारी लवकर येते, मला त्याला एक विचारायचंय. मी म्हटलं, कुणाला? म्हणाली, नावाड्याला.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नावाड्याला दहा मिनिटं, मग थेट नाव सोडायची.

नणंदेनं तलवार खाली ठेवली (म्हणजे तसं सांगितलं) आणि नावाड्याशेजारी बसली. म्हणाली, एक बहीण होती, भाऊ हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता आणि तिला पोचायला उशीर झाला, तर तो भाऊ रागावून गेला असेल का रे? मी पुस्तक चाळलं. असल्या प्रश्नाला फासा टाकायचा की नाही ते कुठेच दिलेलं नाही. नावाडी घसा खाकरून म्हणाला, ती उशिरा आली नसेल, भाऊच लवकर निघाला असेल.

नणंद पदर तोंडाला लावून रडली. लेकीनं तिला जवळ घेतलं. जावई उठून पाणी घेऊन आले.

नोंद: खेळाडू आता भूमिकेत शिरू लागले. माझ्या तयारीचं फळ.

नदी ओलांडली नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

निर्णय झाला. नावाड्याला मारायचं.

पुस्तकातच सल्ला आहे: गोष्ट अडली तर अडवणारं पात्र दूर करा. शनिवारी पूर येईल, नावाडी वाहून जाईल, हे चौघं पोहत पलीकडे लागतील. मुक्काम पोस्ट किल्ला. शेवटी पात्रच ते. मी निर्माण केलं, मीच काढून टाकणार.

दुपारी तो प्रसंग लिहिला. अक्षर नीट आलं नाही म्हणून फाडला. पुन्हा लिहिला. गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपलं, तो वास अजून घरात आहे. प्रसंग मात्र चांगला उतरला आहे. तिसऱ्या वेळी लिहीन तेव्हा आणखी चांगला होईल.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पूर आणला नाही. सकाळपासून घसा धरला होता, आणि पुराच्या वर्णनाला आवाज खणखणीत लागतो. अर्धवट पुरात काय मजा.

नावाड्यानं सगळ्यांना चहा दिला. साखर कमी पडली तर बायकोवर ढकललं. मी हे का बोलले कुणास ठाऊक. चौघंही एकदम माझ्याकडे बघून हसले. कुठल्याही नावाड्यानं असंच केलं असतं.

पुढचा शनिवार शेवटचा. आजच पूर आणायला हवा होता. आता पूर आणि किल्ला एकाच बैठकीत. अवघड नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

उद्या लेकीचा ट्रक निघणार.

आज चौघं ठरवूनच आले होते. लेक म्हणाली, आई, आज आपण पलीकडे जाऊ या. नावाड्याला काही करू नकोस. तो आम्हाला सोडेल आणि परत आपल्या काठाला येईल. नणंद म्हणाली, मी त्याचा निरोप घेते, वहिनी, आता जमेल मला. डॉक्टर बूट घालून बसले होते, खरे खरे. जावयांनी कागद आणला होता, इस्त्री केल्यासारखा सरळ.

म्हणजे माझी अडचणच मिटली. ना पूर, ना मरण. नाव सोडायची, बस्स.

मी चाळीस पानं पुढ्यात ओढली. नावाडी घसा खाकरून म्हणाला, पाणी वाढलंय हो. आज नको.

मग जावई हळूच म्हणाले, आई, माझ्याकडे पाणी ओसरवायची जादू आहे. पान क्रमांकही सांगितला. त्यांनी फासा टाकला. वीस पडले. त्या फाशावर वीसच्या वर आकडाच नाही. वीस पडले की जमलंच, त्यात मास्टरला बोलायला जागा नसते.

मी म्हटलं, नाही चाललं.

जावयांनी फाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, हो, नसेल चाललं. नणंदेनं माझा हात धरला. डॉक्टरांनी बूट काढले.

लेकीनं विचारलं, मग पाणी कधी उतरेल, आई?

माहीत नाही, म्हटलं.

मास्टरला माहीत असायला हवं. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.