वर्ष होईस्तोवर

८ एप्रिल २०२४, कडा
टँकर आज आलाच नाही.
प्रणिताचा फोन आला, हॉलंडहून. सप्टेंबरात तिचं पाणी-नियोजनाचं शिक्षण संपतंय. तोवर काम मिळालं नाही तर परत यावं लागेल. वर्गात पहिली येते पोरगी — मग काम का नाही?
"नुसत्या मार्कांवर न्हाई मिळत आई. वळख लागती. आमच्या बाई दर रविवारी घरी जेवायला बोलावतात. पाण्याच्या कामावरची मोठी माणसं येतात. बाकीच्या पोरांना तिथंच कामं मिळाली."
"अन् तू?"
"मी जात न्हाई. बाबांना वर्ष कुठं झालंय?"
मीच सांगितलं होतं! हे जूनमध्ये गेले. तिला मातीला येता आलं नाही. तेव्हा मीच तिला फोनवर म्हणाले होते — वर्ष होईस्तोवर कुणाकडे जेवायला जायचं नाही, चार लोकांत हसत बसायचं नाही. आपल्यात असंच असतं.

९ एप्रिल
पाडवा. गुढी नाही.

१४ एप्रिल
छबुबाई आली. दूध संस्थेत ती दूध मोजून घेते. निम्मंसुद्धा येत नाही म्हणाली. जनावरांना वैरणच नाही. तिला प्रणिताचं सांगितलं, तर माझ्यावरच उखडली.
"येवढ्या लांब पोरीला कावून बांधून ठिवलंस? तुझ्या मालकानं ही संस्था काय पुस्तकात बघून काढली? दारोदार बसून चहा पिला, तवा माणसं जुळली! पित्त झालं तरी प्यायचा गडी!"
हसू आलं. मग रडू आलं.
मी पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं लावत एकटीच वाचायला शिकले. शिकणं म्हणजे एकट्याचंच काम, असं मला वाटायचं.

१५ एप्रिल
प्रणिताला सांगितलं, "जा जेवायला. वर्षाचं मी बघते."
"बघू," म्हणाली.

२० एप्रिल
गाय भावाकडे पाठवली. त्याच्या विहिरीला अजून थोडं पाणी आहे. गोठ्यात उगीच जाऊन आले.

२८ एप्रिल
दोन रविवार गेले. ती गेली नाही. आधी डोकं दुखत होतं, आज पाऊस होता म्हणे! पाऊस!
बाबा गेल्याचं तिनं तिथं कुणालाच सांगितलेलं नाही. बाईंना वाटलं, पोरगी घमेंडी आहे. त्यांनी आता बोलवायचंही सोडलं. जवळ कुणी नसताना एवढं दुःख कसं काढलं असेल?

५ मे
आज फार बोलले तिला. तेव्हा रडली. "तुझ्या सांगण्यानं थांबले नव्हते गं. काम मिळालं असतं तर इकडंच ऱ्हावं लागलं असतं. तू एकटी हायस."
"एकटी कुठली? रोज बायका येतात. बसायला जागा पुरत न्हाई!"
तिला खरं वाटलं. उद्या बाईंना जाऊन बाबांचं सांगते, म्हणाली.
पोरीशी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.