बेरीज एक

मंगळवार, दिवेलागण. जैनथ.

आमच्या टीमचे आमी चौघं, चार गावी. घरूनच काम करतो, कधी भेटलो नाही. आज नव्या कुलूपबंद हिशेबाची चाचणी होती. प्रत्येकाचं उत्तर बंदच राहतं, कॉम्प्युटर त्या बंद उत्तरांचीच बेरीज करतो आणि उघडते ती फक्त बेरीज. साहेबांनी प्रश्न कालच देऊन ठेवला होता, "एकदा सगळ्यांनी भेटायचं का?" हो म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य.

मंचेरियलचा माधव रोज कॉल संपल्यावरही माझ्याशी बोलत बसतो. कालच म्हणाला, "भेटू न आपण. मी तं होच टाकतो."

बेरीज आली एक.

सगळे हसले, माधव सगळ्यात जोरात. "कोण असंन बाप्पा तो एक?" मीही हसली. काऊन हसली मी?

तो एक माझा होता. मग बाकीचे सारे शून्य मला उघडेच. त्याचंही. तोंडावर नाही म्हटला असता तर...

आई विचारून राह्यली, "तो मंचेरियलवाला कधी येते वं?" म्हटलं, कापूस वेचून झाल्यावर.

चाचणीचा अहवाल मलाच लिहायचा होता. लिहून पाठवला: कोणाचं उत्तर कोणालाच कळलं नाही.