म्हातारबासाठी सूचना

चि. धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, झोप आणि त्या परक्या शहरातलं स्वयंपाकघर सगळं बरं आहे असं धरून चालतो. माझा गुडघा कुरकुरत का होईना, सोबत आहे. तू माझ्यावर सोपवून गेलेला ठिपक्याही सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं अर्धवट वाचून तू फोन करशील आणि कुत्र्याचीच चौकशी करशील.

सुट्टीच्या जेवणासाठी दादा आम्हा दोघांना गाडीने त्याच्या घरी घेऊन गेला. मागच्या सीटवर तुझ्या अक्षरातला कागद सापडला. वर लिहिलेलं, ‘म्हातारबाला जपून न्या.’ माझा ऊर भरून आला. (तीन वर्षांत तू माझ्यासाठी एवढं लांबलचक काही लिहिलं नव्हतंस. तक्रार नाही, आपलं सांगतो.) पुढे बसवू नका, पट्टा बांधा, खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, दोन तासांनी उतरवून पाय मोकळे करू द्या. मी शब्दन् शब्द पाळला. पट्टा असा आवळला की श्वाससुद्धा बेताने घेत होतो. बरोबर दोन तासांनी गाडी थांबवायला लावली आणि ‘धाकटीची आज्ञा आहे’ म्हणत ऐटीत झाडाभोवती चक्कर मारून आलो. ठिपक्या मात्र खिडकीतून डोकं काढून वारा खात होता. त्याच्यासाठी कुठे कागद होता?

जेवताना तुझ्या वहिनीने वाढलेलं सगळं नाकारलं. कागदात लिहिलंच होतं, कांदा नको, द्राक्षं नको, हाड नको, चॉकलेटचा केक तर मुळीच नको. ती बिचारी रडवेली झाली. म्हणून तिचं मन राखायला केक घेतला आणि टेबलाखालून ठिपक्याला भरवला. दादाने वैतागून कागद मागितला आणि वाचता वाचता पांढराफटक पडला. तुम्ही भावंडं फोनवर ठिपक्याला म्हातारबा म्हणता, हे मला कुणी सांगायचं? (जन्मभर लोकांना चष्मे करून दिले, पण यावर कुठला नंबर लागतो कोण जाणे.) चॉकलेट कुत्र्याला विषासारखं, म्हणून तसेच जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालो. वाटभर त्याला पोटाशी धरून ‘आता धाकटीला काय तोंड दाखवू’ एवढंच म्हणत होतो. डॉक्टरांनी केक ओकवला आणि त्याला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तो बाहेर आला तो घाईत आत राहिलेली माझीच चप्पल तोंडात धरून.

एक कबूल करतो. त्याचा धोका टळल्यावर मला जरा वाईट वाटलं. एक प्रवास आणि अर्धं जेवण होईपर्यंत, मी काय खातो याची तुला काळजी आहे असं वाटत होतं. बरं वाटत होतं गं.

तुझा,
दुसरा म्हातारबा

ता. क. कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय. त्यातली शेवटची ओळ, ‘बेल वाजली की त्याला मीच आले असं वाटतं, तेव्हा रागावू नका,’ तेवढी माझ्या नावावर करून टाक.

ता. क. दुसरा. बेल वाजली की आम्ही दोघंही उठतो. गुडघ्यामुळे मी दरवेळी मागे पडतो. तेव्हा तू यायचा दिवस फक्त मला कळव. त्याला सांगणार नाही.