वाढायचं म्हणजे नक्की काय?

बाबा, एक विचारायचं राहिलंय. नारळ फोडतात, तर त्याला ‘वाढवला’ का म्हणतात? फुटलेला नारळ वाढतो कुठं? खालचा वाणी दुकान बंद करतो आणि म्हणतो, दुकान वाढवलं. दिवा विझवायचा असला की आई म्हणते, दिवा वाढव. माणसं जेवायला बसली की वाढ म्हणजे ताटात घाल. आणि पोरगी वाढली म्हणजे आणखीनच वेगळं, ते म्हणताना चाळीतल्या बायका माझ्याकडे बघतात. एकाच शब्दाला किती कामाला लावायचं! तुम्ही असतात तर ह्याच्यावर आपला अख्खा रविवार गेला असता.

तुम्ही गेलात तेव्हा मी इतकी लहान होते की तुमचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. पण प्रश्न आठवतात. गिरणीतून यायचात, डोक्यातला कापूस झटकायचात, आणि आई चहा ठेवतेय तोवर मला मांडीवर घेऊन विचारायचात, भोंगा सगळ्या लालबागला उठवतो, मग भोंगा वाजवणाऱ्याला कोण उठवतं गं? मी म्हणायचे, त्याची आई. तुम्ही म्हणायचात, आणि तिला? मग आपण दोघं आया मोजत बसायचो, ते आईनं कप आपटेपर्यंत. एकदा इराण्याकडून पाव आणलात. म्हणालात, पाव म्हणजे चौथा हिस्सा ना, मग बाकीचा पाऊण गेला कुठं? मी म्हटलं, उंदरानं खाल्ला. तुम्ही म्हणालात, शेठनं. आई हसली होती तेव्हा, पदर तोंडाला लावून. आणि ती मच्छरदाणी! अत्तरदाणीत अत्तर असतं, पिकदाणीत पिंक असते, मग मच्छरदाणीत मच्छर का नसतात? आई वैतागून म्हणाली, तिच्यात माणसं असतात म्हणून. तुम्ही लगेच, म्हणजे नाव मच्छरांनी ठेवलंय, त्यांचं जेवण आत असतं ना. मी इतकी हसले की उचकी लागली.

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात बायका भरलेल्या. शेजारच्या काकू हळूच कुणाला तरी म्हणाल्या, तिच्या बांगड्या वाढवायच्या आहेत. मी ऐकलं आणि मला बरंच वाटलं. आईला हिरव्या बांगड्या किती आवडायच्या, वाटलं आता कोपरापर्यंत भरतील. मी दाराशी बसून वाट बघत राहिले. आई मोरीतून बाहेर आली तर दोन्ही हात मोकळे. तेव्हा विचारायला पाहिजे होतं, पण ज्यांना विचारलं असतं ते तुम्हीच नव्हतात. त्यानंतर माझं विचारणंच बंद झालं. शाळेत बाईंनी ‘काही शंका?’ म्हटलं की मी खाली बघायचे. आईनं खाणावळ सुरू केली, भाकऱ्यांना हात कमी पडायला लागले, तेव्हा मी शाळा सोडली. खरं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. खोलीत आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्याच्या आत मी आणि तवा, बाहेर आई आणि जेवणारे. मी भाकरी थापायची, पडद्याखालून परात सरकवायची. कित्येकांनी माझा फक्त हातच बघितला होता.

जेवणारे सगळे गिरणीतले, गावाला बायकापोरं ठेवून आलेले. आजकाल पाळी सुटली की सभेला जातात, तिथून येतात ते घसा बसवूनच. मग पाण्याचा तांब्या हवा असला तरी ओरडतात, तांब्या मिळालाच पाहिजे! पंगतीच्या कडेला एक मालवणी मामा बसतात, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात आहेत, त्यांना सगळ्यांची सगळी खबर. त्यांच्यासमोर एक साताऱ्याचे काका, मामा जे बोलतील त्याच्या उलट बोलायचं हेच त्यांचं तोंडीलावणं.

तर दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आई गॅलरीत वाण्याच्या बायकोशी बोलत होती आणि मला एवढंच ऐकू आलं, ‘पुढच्या महिन्यात खाणावळ वाढवायची म्हणते.’ बाबा, माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. कारण ऐकणारी वाणीण ना! तिच्याकडे रोज संध्याकाळी दुकान वाढवतात, म्हणजे फळ्या लावतात. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. खाणावळ बंद झाली की माहेरच्या गावी जायचं, हे आई वर्षातून एकदा तरी बोलते. गावाला माझं कोण आहे? मला इथं भोंगा लागतो, पडद्यापलीकडची बडबड लागते. मी कुणाशी बोलत नव्हते, पण ऐकायला तर मिळायचं. आईला विचारायचं सरळ, एवढंच करायचं होतं. सकाळी वाटलं दुपारी विचारू, दुपारी वाटलं आईचे गुडघे दुखतायत, आत्ता नको. दोन भाकऱ्या करपल्या. आई म्हणाली, लक्ष कुठाय? मी म्हटलं, कुठं नाही.

रात्रीच्या पंगतीला खबर आमच्या आधीच पोचलेली. मामा भात कालवत मोठ्यानं म्हणतात, “काय गो वयनी, खानावळ वाढवतास म्हणान आयकलंय. मगे आमी जेवचा खंय?”

साताऱ्याचे काका घास घेता घेता थांबतात. “आरं, वाढवत्यात म्हंजी मोठी करत्यात. बंद करनाऱ्याला काय येड लागलंय का?”

“दुकान वाढवलां म्हंजे काय? कुलूप!”

“पोरगं वाढवलं म्हंजी कुलूप घातलं व्हय त्याला?”

झालं. अर्धी पंगत मामांकडून, अर्धी काकांकडून. कुणीतरी ताटावर वाटी वाजवून घोषणा देतंय, खाणावळ वाढलीच पाहिजे! समोरून ओरडतायत, वाढता कामा नये! आणि दोघांना पाहिजे एकच गोष्ट, ती म्हणजे उद्याचं जेवण. पडद्याआड मला हसू पण येत होतं आणि रडू पण. वाटलं, तुम्ही कुठंतरी ह्या पंगतीत बसलेले असणार. आई मात्र मधोमध. आमटीचं पातेलं एका हातात, दुसरा हात कमरेवर, नुसती उभी.

मला कळलंच नाही कसं. मी पडदा बाजूला केला, पीठ लागलेल्या हातानंच, आणि विचारलं, “आई, वाढवायची म्हणजे बंद करायची की मोठी करायची?”

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. मग मामा म्हणाले, “अगो बाय माझ्या! हिका बोलूक येता!” काकांनी त्यांना कोपरानं ढोसलं. “गप की, पोरगी लाजंल.”

आईनं पातेलं खाली ठेवलं. माझ्याकडे बघत म्हणाली, “शेजारची खोली रिकामी होतेय. घेतली तर आणखी एक पंगत बसेल. पण माझे गुडघे आता वाकत नाहीत. एवढ्यांना वाढतानाच जीव जातो. तू वाढणार असलीस तर मोठी करायची, नाहीतर बंद.”

तू वाढणार असलीस तर. बाबा, मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू आले. आईच्या मनात कुठला होता, तिलाच माहीत. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. सगळे माझ्याकडे बघत होते, नुसत्या हाताकडे नाही, तोंडाकडे. कान इतके तापले की त्यांच्यावर भाकरी भाजली असती. मी हात धुतले, पळी उचलली आणि मामांच्या ताटाशी जाऊन वाकले. “वाढू?” म्हटलं. आवाज निघालाच नाही. परत म्हटलं, “वाढू का?”

“वाढ गो, वाढ,” मामा म्हणाले. पहिली पळी थोडी त्यांच्या लेंग्यावर गेली. ते म्हणाले, होऊ दे, तो पण उपाशीच आसा.

आता शेजारची खोली आपली आहे. तिच्या भिंतींना अजून चुन्याचा वास येतो. भाकऱ्यांना मागच्या चाळीतली एक आजी येते, तिला पडदा नको होता, म्हणून तो काढला. मी वाढते. आणि वाढताना असं काही दिसतं की तुम्हाला सांगावंसं वाटतं. जेवणारा माणूस ‘नको, नको’ म्हणतो, हात ताटावर आडवा धरतो, पण बोटं फाकवून धरतो. मधून भात खाली जाईल एवढी फट ठेवून. मग ते नको आहे की हो आहे? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, बोटाकडं बघायचं, तोंडाकडं न्हाय. मामा म्हणाले, खोटा, तोंडाकडेच बघूचा. आणि पंगतीत परत दोन पक्ष. भाताच्या तळाची खरपूडच का सगळ्यांना हवी, पण ‘करपलंय’ म्हणून नावंही तिलाच का ठेवतात? पोट भरल्यावर ढेकर येतो, मग भूक लागल्यावर पोटात ओरडणारे कावळे बाहेर का ऐकू येत नाहीत? आले असते तर वाढताना मला बरं पडलं असतं. असे रोज दोन-तीन तरी निघतात. ज्याच्या ताटाशी असेन त्यालाच विचारून टाकते.

हे पत्र टाकायचं तर पत्ता काय घालू? पोस्टमन आपला ओळखीचा आहे, तोच विचारेल. म्हणून राहू दे, आपलं आपल्याजवळ.

एक सांगते तेवढं. आई रोज रात्री म्हणते, दमलीस, उद्या मी वाढते. मी तोंड वाकडं करून म्हणते, जाऊ दे गं, आता सवय झाली, करते कसंतरी. तिला वाटतं मी तिच्या गुडघ्यांसाठी करतेय. खोटं आहे ते. मला आवडतं, बाबा. पंगत बसायच्या आधी मी आरशात बघून वेणी पण नीट करते. आईला मात्र सांगू नका हं.