कलम सात

३ मार्च
मसुदा पोर्टलवर चढवायला एकवीस दिवस. इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा चार्जिंग प्लग कसा असावा, हे नऊ कंपन्यांची समिती ठरवते. संपादक मी. कलम सातही माझंच: प्लग एका हाताने निघण्याची सक्ती. या वेळी स्वल्पविरामही हलू देणार नाही.
बाबांच्या खुर्चीचा प्लग निघायला दोन हात लागतात. त्यांचा एकच चालतो. समितीत हे बोलले नाही. मुद्दा तांत्रिक आहे.

१० मार्च
अभिप्राय मागवले होते. एकही नाही. म्हणजे सगळे सहमत.

१८ मार्च, सकाळी ११
सहमत नव्हते. वाचलं नव्हतं. मुदत अंगावर आल्याशिवाय कुणी फाइल उघडत नाही. एका दिवसात त्रेसष्ट आक्षेप, त्यातले एकेचाळीस समितीतल्या केबल कंपनीच्या माणसाचे, म्हणजे केबलवाल्याचे. त्याच्या कंपनीकडे दोन हातांच्या प्लगचे जुने साचे तयार आहेत. फोनवर म्हणाला, मॅडम, तुमचं शंभर टक्के पटतं, फक्त सक्ती काढा, शिफारस ठेवा.
ठेवली. डावपेच म्हणून.

२१ मार्च
केबलवाल्याला शिफारसही टोचते. अध्यक्षबाई म्हणाल्या, अगं, ही मुदत हुकली तर पुढची दोन वर्षांनी; तुला मसुदा हवाय की हट्ट?
कलम परिशिष्टात हलवलं. परिशिष्ट लोक निवांत वाचतात.

२४ मार्च, दुपारी ३.४०
पोर्टल चारला बंद. आठ संमती आल्या, नऊही लागतात. केबलवाला परिशिष्टावर अडलाय. मी शांत आहे. चहा कीबोर्डवर सांडला, तो कप डुगडुगता होता म्हणून.

३.५२
परिशिष्ट काढलं. तात्पुरतं. मंजुरीच्या फेरीत परत घालीन.

३.५८
चढवला. दोन मिनिटं राखून.

१४ एप्रिल
मंजुरीच्या फेरीत नवा मजकूर घालता येत नाही. केबलवाल्याने नियम पान क्रमांकासह पाठवला, खाली 'सस्नेह'. नियम गेल्या वर्षी मीच लिहिला होता. त्यालाच रोखायला.

२८ एप्रिल
मसुदा एकमताने मंजूर. म्हणजे माझंही मत धरून. वेळेत काम कसं करावं ते हिच्याकडून शिका, असं अध्यक्षबाई सगळ्यांना म्हणाल्या. पुढचे क्रमांक बिघडू नयेत म्हणून कलम सात शाबूत आहे: 'हे कलम हेतुपुरस्सर रिकामे ठेवले आहे.'
घरी बाबांनी विचारलं, झालं का गं तुझं ते? म्हटलं, झालं. पाच वर्षांनी फेरविचार आहे.
बरं, म्हणाले, तोवर एवढा हा काढ, मला खाली जायचंय.
दोन्ही हातांनी ओढून काढला.