आबाजींची चिठ्ठी आणि माझ्या सह्या

रविवार, २८ डिसेंबर २०२५

आबाजींनी घात केला! आणि तोही हौसेने, माइकवरून.

चौक गावच्या कबड्डी सामन्यांना आज आमच्या कॉलेजचा सगळा संघ गेला होता. रूपालीने एका चढाईत तिघींना बाद केलं आणि बक्षिसांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. चिठ्ठीवर असेल ते मोठ्याने वाचायचं, एवढंच माइकवरच्या मोरूकाकाचं काम – अमक्याकडून पाचशे, तमक्याकडून हजार. आबाजींना पाचशे-हजारात स्वतःचं नाव लहान वाटलं असावं. त्यांची चिठ्ठी आली आणि मोरूकाका गरजला, ‘आपल्या कॉलेजचे विश्वस्त आबाजीशेठ यांच्याकडून रूपालीताईंना गेल्या जूनपासून दरमहा सहा हजार मानधन चालू आहे! जोरदार टाळ्या!’

टाळ्या पडल्या. आबाजी उठून चारी बाजूंना हात जोडत होते. जगदीश सर, म्हणजे आमचे खेळाचे सर, पांढरेफटक पडले. सगळं मोबाइलवर लाइव्ह चाललं होतं.

कॉलेजकडून पैसे घेऊन खेळलं तर विद्यापीठाच्या स्पर्धेतून अख्खा संघ बाद. हे पहिल्या वर्षाच्या पोरींनाही पाठ आहे. आमची फायनल २२ जानेवारीला. विद्यापीठाचा संघ त्याच दिवशी निवडणार. माझं शेवटचं वर्ष!

आणि सहा हजार. महिना!

सोमवार, २९ डिसेंबर

अकरावीपासून या कॉलेजकडून खेळतेय. दोन वर्षं कॅप्टन आहे. मला काय मिळालं? सरावानंतर दोन केळी, एक उकडलेलं अंडं आणि गुडघ्याला बांधायची पट्टी.

रूपाली जूनमध्ये आली. डोंगरातल्या ठाकूरवाडीतली. बारावीनंतर मोहोपाड्याला कंपनीत पॅकिंगला लागणार होती. सर वाडीवर चालत गेले आणि घेऊन आले तिला. आम्हाला सांगितलं, फी माफ केलीय, बाकी काही नाही. मी तिला माझे बूट दिले होते. मूर्ख मी!

आज डबा घेऊन माझ्या शेजारी बसली. मी उठले.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

विद्यापीठाकडे तक्रार गेली. सेमीफायनलला आमच्याकडून हरलेल्या कॉलेजने व्हिडिओ पाठवलाय. ९ तारखेला चौकशी.

सरांनी जिमखान्यात बोलावलं. टेबलावर कोरं करकरीत हजेरीचं रजिस्टर – जून ते डिसेंबर, सगळ्या तारखा एकाच पेनाने. ‘रूपाली कमवा आणि शिका योजनेत होती. रोज मॅट पुसायची, जिमखाना झाडायची. त्याचे ते पैसे. कॅप्टन म्हणून तू फक्त प्रत्येक पानाखाली सही करायची.’

मी म्हटलं, सर, मॅट तर आम्ही सगळ्याच पुसतो.

‘समिधा, तुला विद्यापीठाकडून खेळायचंय ना?’

विचार करते म्हणून बाहेर पडले. विचार कसला करायचा होता, देव जाणे.

सोमवार, ५ जानेवारी

सरावाच्या आधी रूपाली मागे मागे. ‘समिधाताई, तुझ्याशी बोलायचं हाय गं. दोनच मिंटं.’

मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘दोन मिनिटांचे किती घेणार? तुझे दर आम्हाला नाही परवडायचे.’ पोरी हसल्या. ती गेली.

मग मॅटवर तिला अशी धरली की कोपर सोलवटलं तिचं. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटतेय, पण वाटलं.

संध्याकाळी आईला रजिस्टरचं सांगितलं. ‘तू कशाला मधी पडतीस गं? दिले त्यांनी, घेतले तिनं. तुझं काय हाय त्यात?’ माझं काय आहे ते मला पक्कं माहीत आहे – मला खेळायचंय.

गुरुवार, ८ जानेवारी

अजून सही केलेली नाही. सरांचे चार फोन. जेवण जात नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

झालं एकदाचं.

प्राचार्यांच्या खोलीत विद्यापीठाचे दोघे होते – एक मॅडम, एक गृहस्थ. आधी रूपालीला बोलावलं. आत जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

दार लागलं तसे सर रजिस्टर घेऊन आले. ‘आता तरी!’ पॅसेजमधल्या बाकावर बसून केल्या सह्या. सात पानं, सात सह्या. पहिल्या दोन वाकड्या आल्या. नंतर हात सरावला.

ती बाहेर आली, मी आत. बोलायला लागले आणि माझं मलाच नवल वाटलं – एकदाही अडखळले नाही! ‘रोज काम करायची?’ रोज. ‘तुम्ही स्वतः पाहिलंत?’ हो मॅडम. ‘या सह्या कधीच्या?’ त्या त्या महिन्याच्या. मॅडमनी पुढे काहीच विचारलं नाही. रजिस्टर मात्र ठेवून घेतलं.

बाहेर सरांनी पाठ थोपटली. रूपाली जिन्यात बसली होती. ‘ताई,’ म्हणाली. मी तिच्या बाजूने उतरून गेले. वाचवलं की तुला, आणखी काय हवंय!

बुधवार, १४ जानेवारी

काही कळलेलं नाही. सर म्हणतात, पत्र नाही म्हणजे प्रकरण मिटलं. तिळगूळ द्यायलाही तिच्याकडे गेले नाही.

सोमवार, १९ जानेवारी

पत्र आलं.

संघ बाद. फायनल नाही. कॉलेजला कबड्डीत दोन वर्षं बंदी, वर दंड. सरांची चौकशी. रूपालीला एक वर्ष बंदी – ‘पैसे घेतल्याचे स्वतःहून कबूल केल्यामुळे सौम्य शिक्षा’.

आणि कर्णधार समिधा – खोटी नोंद, खोटी साक्ष – तीन वर्षं!

म्हणजे मी बाहेर सह्या करत होते तेव्हा ही आत सगळं खरं सांगून मोकळी झाली होती! आणि मग मी आत जाऊन रोज, रोज म्हणत बसले. त्या मॅडमना माहीत होतं. ऐकून घेतलं त्यांनी माझं. पत्र मी तीनदा वाचलं. आबाजींचं नाव कुठेही नाही.

तीन वर्षं म्हणजे संपलंच माझं. रडून रडून डोकं दुखतंय. गळा कापला पोरीने. पुन्हा तिचं तोंड बघणार नाही.

मंगळवार, २० जानेवारी

सकाळी रूपाली घरी आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘सर तुझ्याकडनं सया मागतात, ते मला कळलं होतं. मी आधी जाऊन खरं बोलले तर तुला सही करायलाच लागनार नाय, असं वाटलं गं ताई. तेच सांगायला तुझ्या मागं फिरत होते.’